कोंबड्यांसाठी खुराडं बांधताय? आधी दांडी आणि पेटीचं गणित समजून घ्या

संगमेश्वरजवळ माझ्या मावशीचं घर आहे. गेल्या वर्षी तिने दहा कोंबड्या पाळायला घेतल्या आणि त्यांच्यासाठी ऑनलाइन एक तयार खुराडं मागवलं. फोटोत एकदम झकास. कोंबड्या अंड्यावर आल्या आणि मावशीची तक्रार सुरू झाली. निम्मी अंडी घाणीने माखलेली, उरलेली सापडायची चुलीच्या लाकडांच्या ढिगात. एकदा अंडी शोधायला तिने ढिगात हात घातला, तर आतून धामण निघाली.

मावशी म्हणाली, "कोंबड्याच येड्या आहेत."

पण कोंबड्या शहाण्याच होत्या. चुकलं होतं खुराडं.

विषय असा आहे की, खुराड्यात कोंबडीची दोन कामं असतात. रात्री झोपणं आणि अंडी घालणं. या दोन कामांसाठी तिला अगदी उलट जागा लागतात.

आधी झोपेचं बघू. रानकोंबड्या दिवसभर जमिनीवर उकरत फिरतात, पण अंधार पडायच्या आत झाडावर चढतात. कोंबडीला रात्री फारसं दिसत नाही. ती खाली राहिली तर रानमांजराची चंगळ. ही सवय घरातल्या कोंबडीतही टिकून आहे. तिन्हीसांजेला ती खुराड्यातली सगळ्यात उंच जागा गाठते.

मावशीच्या खुराड्यात सगळ्यात उंच काय होतं? अंड्यांची पेटी! दांडी तिच्या खाली होती. मग कोंबड्या पेटीतच झोपायच्या, आणि कोंबडी झोपेतही शिटते. सकाळी त्याच घाणीत अंडं.

यावर अंडी धुणं हा उपाय नाही. अंड्याच्या कवचावर एक नैसर्गिक पातळ थर असतो, तो धुण्याने जातो आणि कवचाच्या बारीक छिद्रांतून जंतू आत शिरायला वाट मिळते. थोडं मळलेलं अंडं कोरड्या फडक्याने पुसून आधी वापरून टाकायचं. पिल्लांसाठी अंडी बसवायची असतील तर माखलेली अंडी घेऊच नका, ती कोंबडीखाली सडतात.

म्हणून पहिला नियम: दांडी वर, पेटी खाली.

दांडी जमिनीपासून दोन ते अडीच फुटांवर पुरते. वजनदार जातीच्या कोंबड्या असतील तर त्याहून खाली घ्या, कारण उंचावरून धपकन उतरताना तळव्याला जखम होते. जाडी साधारण दोन इंच, लाकूड असेल तर कडा घासून गोल करून घ्या. प्लास्टिकचा पाइप नको, त्यावरून पाय घसरतो. एका कोंबडीला आठ ते दहा इंच जागा धरा. म्हणजे दहा कोंबड्यांना सात-आठ फूट दांडी. दोन दांड्या करायच्या असतील तर एकीच्या बरोबर खाली दुसरी लावू नका, नाहीतर खालच्यांची आंघोळच. दांडीखाली पत्रा ठेवून त्यावर राख पसरली की सकाळची सफाई सोपी जाते.

एक गोष्ट मात्र बरेच जण विसरतात. दांडीच्या भेगा आणि टोकं रात्री टॉर्च घेऊन बघा. रक्त पिणारे लाल किडे दिवसा तिथे लपतात आणि रात्री कोंबडीवर चढतात. दांडी उचलून बाहेर काढता येईल अशी खाचेत बसवली, तर उन्हात टाकून साफ करता येते.

आता पेटी. अंडी घालताना कोंबडीला अंधारी, अडोशाची, शांत जागा हवी असते. लाकडांचा ढीग तिला का आवडला, ते कळलं ना? चार-पाच कोंबड्यांना एक पेटी पुरते. आत साधारण फूटभर लांबी, रुंदी, उंची मिळाली की झालं. आमच्याकडे आंब्याची जुनी लाकडी पेटी आडवी ठेवून काम भागलं. तोंडाशी चार इंचांची पट्टी ठोका, म्हणजे पेंढा आणि अंडी बाहेर येत नाहीत. पेटीचं छप्पर उतरतं ठेवा, सपाट असेल तर कोंबड्या त्यावरच मुक्काम ठोकतात.

खुडूक कोंबडीचा प्रश्न वेगळा. ती अंडी देणं थांबवते आणि पेटी अडवून बसते. पिल्लं हवी असतील तर तिला 21 दिवसांसाठी वेगळ्या पाटीत, बाकीच्यांपासून लांब बसवा.

मावशीने दांडी वर नेली, पेट्या खाली आणल्या आणि संध्याकाळी पेट्यांच्या तोंडावर गोणपाट लावायला लागली. पहाटे ते काढायचं. कोंबड्या बहुतेक अंडी सकाळीच घालतात, म्हणून आठवडाभर त्यांना दहा वाजेपर्यंत बाहेर सोडलं नाही. पेटीत एक लाकडी अंडंही ठेवलं, ते बघून बाकीच्यांना जागा कळते.

आता नऊ कोंबड्या पेटीत जातात. एक तांबडी मात्र अजूनही लाकडांच्या ढिगातच जाते. मावशी तिथे आता हात घालण्याआधी काठी आपटते.