तिरळा डोळा : वाट पाहण्यात दिवस घालवू नका

तान्ह्या बाळाचा एक डोळा नाकाकडे वळलेला दिसला, की घरातील वडीलधारी माणसे सांगतात, “मोठे झाले की आपोआप सरळ होईल.” काही घरांत तर तिरळे मूल नशीबवान समजतात. या बोलण्यात थोडे खरे आहे. पण त्यावर विसंबून पुष्कळ मुले एका डोळ्याची नजर गमावतात. म्हणून कोठवर थांबावे आणि कोठे थांबू नये, हे आम्ही येथे सांगत आहोत.

पहिले दोन-तीन महिने बाळाला दोन्ही डोळे एका वस्तूवर नीट रोखता येत नाहीत. अधूनमधून एखादा डोळा भरकटतो, त्याची काळजी नको. मात्र चौथा महिना सरल्यावरही डोळा वळत असेल, किंवा त्याआधीच तो सतत वळलेला राहत असेल, तर बाळाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे. बाहुलीत पांढरी चमक दिसली तर एक दिवसही थांबू नये. आत मोतीबिंदू किंवा गाठ असू शकते.

घाई कशासाठी? डोळा तिरळा असला की मेंदूकडे दोन निरनिराळी चित्रे जातात. गोंधळ टाळण्यासाठी मेंदू एका डोळ्याचे चित्र गाळून टाकतो. वापर नसल्याने त्या डोळ्याची नजर घडतच नाही. ह्युबेल व वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिलांचा एक डोळा बंद ठेवून दाखविले, की कोवळ्या वयात न वापरलेल्या डोळ्याची मेंदूतील जागा दुसरा डोळा घेतो. त्यांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात नजर घडण्याचा काळ साधारण पहिली सात-आठ वर्षे. वाफसा गेल्यावर पेरणी साधत नाही, तसेच हे आहे.

चष्म्याचा नंबर हे तिरळेपणाचे एक मोठे कारण. बहुतेक बाळांना थोडा ‘प्लस’ नंबर असतोच. तो फार असला, तर स्पष्ट पाहण्याच्या ताणाने डोळा आत ओढला जातो. हे बहुधा दोन-तीन वर्षांच्या सुमारास दिसते, आणि योग्य चष्म्याने पुष्कळदा डोळा सरळ होतो. याहून फसवा प्रकार म्हणजे एकाच डोळ्याला मोठा नंबर. डोळे सरळ, मूल खेळते, कोणाला शंका येत नाही. घरी एकेक डोळा तळहाताने झाकून पाहा. एका बाजूला मूल गप्प राहते आणि दुसऱ्या बाजूला दरवेळी हात ढकलते, तर तपासणी करावी.

बोलता न येणाऱ्या बाळाचाही नंबर काढता येतो. डॉक्टर थेंब घालून डोळ्यातील उजेडाची हालचाल पाहतात. थेंबांमुळे काही काळ उजेड सोसत नाही, इतकेच.

चष्म्याने भागले नाही तर चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावतात. जोरकस बैल सोडून ठेवला, की दुसऱ्याला ओढावेच लागते. मूल रडते म्हणून पट्टी काढू नये. काहींना शस्त्रक्रिया लागते; त्यानंतरही चष्मा व पट्टी चालू ठेवावी लागते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यातून अंगणवाडीत व सरकारी शाळेत मुलांची मोफत तपासणी होते. ती चुकवू नका. आणि मुलीला चष्मा लागला तर लग्नाचे काय, ही चिंता आज करू नका. चष्मा पुढे कदाचित सुटेल. गेलेली नजर परत आणणे कठीण.