सिक्लिड माशांतील नर-मादी कशी ओळखावी

मत्स्यपेटीत एंजल माशांची जोडी आहे. दोघे मिळून रुंद पान साफ करतात, त्यावर अंडी घातली जातात, दोघेही परांनी अंड्यांना वारा घालतात. दुसऱ्या दिवशी सगळी अंडी पांढरी पडतात आणि मग त्यांवर बुरशी चढते. असे एकदा झाले तर पाण्याकडे बघा. दर वेळी होत असेल तर जोडीकडे बघा. त्या दोन्ही माद्या असण्याची शक्यता बरीच आहे. पेटीत नर नसेल तर दोन माद्या एकमेकींशी जोडी जमवतात आणि दोघीही अंडी घालतात. एरवीपेक्षा अंडी फार जास्त दिसली तर हा संशय आणखी बळावतो.

सिक्लिड म्हणजे केवळ काचेच्या पेटीतले एंजल, डिस्कस, ऑस्कर असे समजू नका. उजनी धरणातून भिगवणच्या बाजारात येणारी चिलापी, म्हणजेच तिलापिया, हीही सिक्लिडच. मूळची आफ्रिकेतली ही मासळी १९५२ मध्ये भारतात आणली गेली आणि आज ती भीमेतही आहे, कावेरीतही. म्हैसूरकडे तिला जिलेबी म्हणतात. कोकण-गोव्याच्या खाड्यांतला काळुंदर (एट्रोप्लस सुराटेन्सिस) मात्र इथलाच सिक्लिड.

चिलापीचा उल्लेख मुद्दाम केला. नर-मादी ओळखायला शिकण्यासाठी तिच्यासारखा सोयीचा मासा नाही. बाजारातून चांगल्या वाढलेल्या आठ-दहा चिलापी आणा. पोट साफ करू नका, असे विकणाऱ्या मावशींना आधीच सांगा. मासा उताणा धरून पोटाच्या मागच्या भागाकडे, गुदपराच्या अगदी पुढे पाहा. डोक्याकडून शेपटीकडे जाताना पहिले छिद्र गुदद्वाराचे. त्याच्या लगेच मागे एक बारीक मांसल उंचवटा असतो; त्याला आपण जननांकुर म्हणू. नराच्या जननांकुराच्या टोकाशी एकच छिद्र असते, त्यातून मूत्र आणि शुक्र दोन्ही बाहेर पडतात. मादीच्या जननांकुरावर दोन छिद्रे असतात: टोकाशी मूत्राचे आणि त्याच्या अलीकडे, मध्यावर, आडव्या चिरेसारखे अंडी बाहेर पडण्याचे. गुदद्वार धरून मोजले तर नराला दोन आणि मादीला तीन. चीर दिसत नसेल तर कापसाच्या काडीने शाईचा किंवा मेथिलीन ब्लूचा थेंब लावून पुसा; रंग खाचेत राहतो आणि चीर उमटते.

आता आपला अंदाज कागदावर लिहा आणि मगच पोट उघडा. पिवळसर दाणेदार पिशव्या म्हणजे अंडाशय. पांढरट, सपाट, फितीसारखे धागे म्हणजे वृषण. पहिल्या दिवशी तीन-चार अंदाज चुकतील. जिवंत मासा हातात घेण्याआधी ते चुकलेले बरे.

हा खटाटोप कशासाठी, रंगावरून कळत नाही का? काही जातींत कळते. विणीच्या काळात मोझांबिक चिलापीचा नर काळा पडतो, गळा पांढरा होतो, परांच्या कडा लालसर दिसतात. मादी करडीच राहते आणि अंडी तोंडात सांभाळते. पण ‘नर मोठा आणि रंगीत, मादी लहान आणि फिकी’ हा नियम सरसकट लावला की फसगत होते. कॉन्व्हिक्ट सिक्लिडमध्ये पोटावर नारिंगी झाक मादीच्या असते. क्रिबेन्सिसची मादी पोटाला गर्द लाल, आणि गंमत म्हणजे या जातीत पाणी आम्लधर्मी असेल तर पिल्लांत नरांचे प्रमाण वाढते. मलावी सरोवरातल्या केनीची पिल्ले सगळी निळी. पुढे नर पिवळे होतात, माद्या निळ्याच राहतात. गुदपरावरचे अंड्यांसारखे ठिपके नरात सहसा ठळक असतात, पण ते माद्यांतही आढळतात. शिवाय दबलेला नर बरेचदा मादीसारख्याच फिक्या रंगात वावरतो.

फ्लॉवरहॉर्नच्या कपाळावरचा उंचवटा पाहून पैसे मोजणाऱ्यांनी विशेष जपावे. तो नरात सहसा मोठा असतो, पण मोठ्या उंचवट्याच्या माद्याही असतात. त्यातून हा संकरित मासा, त्याचे बरेच नर वंध्य निघतात. म्हणजे ओळख बरोबर ठरूनही पिल्ले मिळतीलच असे नाही.

रंगावर भरवसा न ठेवण्याचे आणखी एक कारण माणसाने तयार केले आहे. चिलापीची मादी काही महिन्यांतच वयात येते आणि वारंवार वीण घालते. तळे पिल्लांनी भरते आणि एकही मासा नीट वाढत नाही. म्हणून मत्स्यशेतीत फक्त नर वाढवतात. हाताने निवड करताना थोड्या माद्या नजरेतून सुटल्या तरी सगळी मेहनत वाया जाते. त्यामुळे अगदी लहान पिल्लांना खाद्यातून नर-संप्रेरक देण्याची पद्धत आली. जनुकांनी मादी असलेली पिल्लेही त्याने नर म्हणून वाढतात. शोभेच्या माशांच्या व्यापारात हेच संप्रेरक रंग लवकर चढावा म्हणून वापरले जाते. दुकानातला झगमगीत ‘नर’ घरी आल्यावर काही आठवड्यांत फिका पडतो तो अशाने.

जिवंत मासा तपासताना हात आणि कापड ओले हवे, नाहीतर अंगावरचा चिकट थर निघतो. ओल्या स्पंजाला खाच पाडून त्यात मासा उताणा ठेवा, डोळे झाका, अर्ध्या मिनिटात पाहून पाण्यात सोडा. मलावीच्या माशांत छिद्रांचा आकार बघितला तरी पुरते: नरात दोन्ही साधारण सारखी, मादीत मागचे गुदद्वाराहून स्पष्टपणे मोठे. बोटाएवढ्या पिल्लात मात्र काहीच दिसत नाही. तिथे घाई करू नका.

एंजल, डिस्कस आणि आपला काळुंदर यांच्यात एरवी बाहेरून फरक जवळजवळ नसतोच. वीण घालण्याच्या सुमारास जननांकुर बाहेर येतो, तेव्हा बघा. मादीचा जाड आणि बोथट, नराचा बारीक आणि टोकदार. ही संधी एक-दोन दिवसांचीच असते. म्हणून अनुभवी मंडळी दुकानातून ‘जोडी’ विकत घेत नाहीत. एकाच वयाची सहा पिल्ले आणून एकत्र वाढवतात आणि जोडी माशांनाच जमवू देतात. त्यातही दोन माद्या एकत्र येऊ शकतात, तेव्हा पहिल्या विणीनंतर अंडी रोज पाहा. फलित अंडी मधाच्या रंगाची, पारदर्शक राहतात आणि एंजलची असतील तर दोन-तीन दिवसांत त्यांतून शेपट्या हलताना दिसतात.