पद्मिनीच्या डॅशबोर्डामागे

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात १९६० च्या दशकात जी फियाट ११०० बनू लागली आणि पुढच्या दशकात जिला प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले, ती मोटार शतक संपेपर्यंत मूळ आराखड्यात फारसा फरक न पडता तयार होत राहिली. त्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यावरचे विद्युत आणि यांत्रिक तंत्र तिच्या डॅशबोर्डामागे जवळजवळ जसेच्या तसे टिकून राहिले. तिथे संगणक नाही. प्रत्येक काट्याला आणि प्रत्येक दिव्याला स्वतंत्र तार किंवा केबल असून ती जिथून निघते तिथपर्यंत हाताने माग काढत जाता येते. मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली, परंतु खासगी मालकांनी जपलेल्या पद्मिनी अजून चालतात आणि त्यांची मीटरे व दिवे दुरुस्त करण्याची विद्याही त्यांच्यासोबत टिकून आहे.

या विद्येतील अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियन डॅशबोर्ड उघडण्याची घाई करत नाही, कारण काचेमागचे मीटर हे साखळीचे शेवटचे टोक असते आणि दोष बहुधा त्याच्या अलीकडे सापडतो. पुष्कळदा तो ‘अर्थ’मध्ये असतो. मोटारीत बॅटरीचे एक टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेले असते आणि दिव्यातून किंवा मीटरमधून गेलेला प्रवाह त्या पत्र्यातूनच बॅटरीकडे परततो. या परतीच्या जोडणीला कारागीर अर्थ म्हणतात. स्क्रूखाली गंज चढला, डेंटिंग-पेंटिंगच्या वेळी जोडाच्या जागेवर रंग बसला किंवा किनारपट्टीच्या खाऱ्या दमट हवेने तांब्यावर हिरवा थर आला, की प्रवाहाला परतीची वाट मिळत नाही आणि तो दुसऱ्याच एखाद्या दिव्याच्या तारेतून आडवाटेने जाऊ लागतो. इंडिकेटर लावताच मागचा पार्किंगचा दिवा लुकलुकणे किंवा ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा मंद पेटणे, ही त्याची ठळक खूण होय. उपाय स्वस्त आहे: स्क्रू काढून पत्रा आणि टर्मिनल पॉलिश पेपरने चकचकीत घासायचे, जोड घट्ट आवळायचा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवायचा. त्या काळच्या युरोपीय घडणीच्या गाड्यांतील फ्यूजचीही हीच गत असते. दोन्ही टोकांना निमुळत्या आणि अंगावर धातूची उघडी पट्टी असलेल्या या फ्यूजना केवळ स्प्रिंगच्या पात्या धरून ठेवतात. पट्टी शाबूत असूनही टोकांवर काळपट थर साचला की प्रवाह अडतो, आणि फ्यूज जागच्या जागी फिरवला तरी मेलेले मीटर काही काळ जिवंत होते.

स्पीडोमीटरचा बॅटरीच्या विद्युतप्रवाहाशी संबंध नसतो. स्ट्रासबुर्गच्या ओटो शुल्त्से यांनी १९०२ मध्ये ज्या रचनेचे पेटंट घेतले, तीच रचना पुढे जगभरच्या मोटारींत वापरली गेली. गिअरबॉक्समधून निघालेली लवचिक केबल मीटरमधील एका चुंबकाला फिरवते. चुंबकाला न चिकटता त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची एक वाटी असते, तिच्यात फिरत्या चुंबकामुळे भोवरे प्रवाह, म्हणजे धातूच्या आतल्या आत घुमणारे विद्युतप्रवाह, निर्माण होतात आणि ते वाटीला चुंबकाच्या फिरण्याच्या दिशेने ओढतात. केसासारखी बारीक स्प्रिंग या ओढीला विरोध करते आणि दोन्ही बळे जिथे समान होतात तिथे काटा ठरतो. ही रचना समजली की निदान आपोआप सुचते. काटाही मेला आणि किलोमीटर मोजणारी आकड्यांची चाकेही थांबली, तर केबल तुटलेली किंवा तिचे चौकोनी टोक झिजलेले असते; आकडे फिरतात पण काटा हलत नाही, तर दोष मीटरच्या पोटात, वाटी किंवा स्प्रिंगमध्ये असतो; काटा थरथरतो, तर केबल कोरडी पडलेली किंवा कुठेतरी तीव्र वळणात दबलेली असते. या शेवटच्या दोषावर उत्साही मालक भरपूर ग्रीस भरतो आणि नवे दुखणे ओढवून घेतो, कारण फिरत्या केबलबरोबर ग्रीस वर चढते, चुंबक आणि वाटी यांच्यामध्ये शिरते आणि काटा खऱ्या वेगापेक्षा पुढे धावू लागतो. म्हणून मीटरकडच्या टोकाजवळचा काही इंच भाग कोरडाच ठेवण्याची पद्धत आहे.

पेट्रोलच्या मीटरमध्ये कारागिराची खरी परीक्षा होते. टाकीत एक तरंगता गोळा असतो. पातळीबरोबर तो वर-खाली होतो आणि त्याच्या दांडीचे टोक रोधक तारेच्या वेटोळ्यावर सरकून प्रवाह कमी-जास्त करते. गोळा पितळी असेल तर त्याला सूक्ष्म भोक पडून आत पेट्रोल शिरते, तो बुडतो आणि भरलेली टाकीही रिकामी दिसते. दोष टाकीत आहे की डॅशबोर्डमध्ये, हे ठरवण्याची जुनी कसोटी म्हणजे टाकीवरची तार काढून पाहणे: तार मोकळी असताना काटा एका टोकाला आणि तीच तार क्षणभर पत्र्याला टेकवली असता दुसऱ्या टोकाला गेला, तर मीटर आणि तार दोन्ही निर्दोष ठरतात. टाकीजवळ पेट्रोलची वाफ असल्याने तार जोडताना व काढताना इग्निशन बंद हवे, ठिणगी उडता कामा नये.

त्या काळच्या अनेक गाड्यांत, विशेषतः ब्रिटिश घडणीच्या, हे मीटर उष्णतेवर चालत असे: दोन धातूंची जोडपट्टी प्रवाहाने तापून वाकते आणि काटा ढकलते. म्हणूनच चावी फिरवल्यावर असा काटा सावकाश चढतो आणि वळणावर पेट्रोल हेलकावले तरी डगमगत नाही. परंतु बॅटरीचा दाब इंजिनाच्या वेगाबरोबर बदलत असल्यामुळे अशा मीटरांना स्थिर दाब लागतो, आणि तो पुरवणारी डबी, म्हणजे व्होल्टेज स्टॅबिलायझर, आतला संपर्क सतत जोडत-तोडत सरासरी सुमारे १० व्होल्ट राखते. पेट्रोल आणि तापमान ही दोन्ही मीटरे एकाच वेळी वाजवीपेक्षा जास्त दाखवू लागली, तर दोन वेगळे दोष शोधत बसण्यात अर्थ नसतो. ही डबी किंवा तिचा अर्थ बिघडलेला असतो. अशा वेळी दोन्ही मीटरे बदलून घेणारा मालक पैसे घालवतो आणि नव्या मीटरांवरही तेच खोटे आकडे वाचतो.

तेलाच्या दाबाचा दिवा दिसायला सगळ्यांत साधा, पण निदानाच्या दृष्टीने सगळ्यांत जबाबदारीचा असतो. इंजिनावरच्या स्विचमधून तो अर्थ घेतो आणि दाब वाढला की स्विच उघडून दिवा विझतो. इंजिन चालू असताना तो पेटलेलाच राहिला, तर स्विचवरची तार काढावी. तरीही पेटत असेल तर तार कुठेतरी पत्र्याला लागलेली आहे. तार काढल्यावर विझला तर स्विच खराब आहे किंवा दाब खरोखरच कमी आहे, आणि हा निवाडा स्विचच्या जागी दाबमापक लावूनच करता येतो. त्या दाबमापकात एझेन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये पेटंट घेतलेली वाकडी नळी असते, जी आतल्या दाबाने सरळ होऊ पाहते. तार काढून दिवा विझवून देणारा कारागीर इंजिनाचा शत्रूच समजावा.

चार्जिंगच्या दिव्याची गंमत वेगळी आहे. डायनॅमोच्या गाडीत त्याचा बल्ब उडाला तरी बॅटरी चार्ज होत राहते. ज्या गाड्यांना नंतर अल्टरनेटर बसवला गेला त्यांत बहुधा याच बल्बमधून अल्टरनेटरला सुरुवातीचा चुंबकीकरणाचा प्रवाह मिळतो, आणि किरकोळ किमतीचा बल्ब उडाल्यामुळे बॅटरी उतरू शकते. त्या जागी एलईडी बसवला तरी प्रवाह अपुरा पडून तोच परिणाम होऊ शकतो. इंडिकेटरच्या जुन्या फ्लॅशरलाही एलईडी मानवत नाहीत, कारण तो बल्बच्या प्रवाहाने तापूनच उघडझाप करतो.

मीटर उघडण्याआधी त्यावरचे किलोमीटर लिहून ठेवावेत आणि नवे मीटर बसवल्यास बदलाची तारीख व दोन्ही आकडे गाडीच्या कागदांसोबत ठेवावेत, कारण विक्रीच्या वेळी मागे फिरवलेला आकडा आणि प्रामाणिकपणे बदललेले मीटर यांत फरक दाखवणारा दुसरा पुरावा नसतो. ज्या मालकाला सगळे काम एकदम करून घेणे परवडत नाही, त्याने आधी ब्रेकचे दिवे आणि इंडिकेटर, मग तेलाचा दिवा आणि तापमानाचे मीटर, त्यानंतर केंद्रीय मोटार वाहन नियमांनी आवश्यक ठरवलेला स्पीडोमीटर दुरुस्त करून घ्यावा; पेट्रोलचे मीटर थोडे थांबू शकते आणि डॅशबोर्डची शोभेची रोषणाई सर्वांत शेवटी आली तरी चालते.