ताटातला दुवा

इंग्लंडमधला डार्टमूरचा ओसाड माळ. रात्री नऊच्या सुमारास एक मोलकरीण जेवणाचं ताट घेऊन तबेल्याकडे निघते. ताटात मटणाची झणझणीत करी आहे. वाटेत तिला एक अनोळखी माणूस गाठतो आणि मग तबेल्याच्या खिडकीशी जाऊन घुटमळतो. त्या रात्री पहाऱ्यावरचा पोरगा अफूच्या गुंगीत पडून राहतो, शर्यतीचा नामांकित घोडा नाहीसा होतो आणि सकाळी माळावर घोड्याच्या प्रशिक्षकाचा मृतदेह सापडतो. पोलीस त्या अनोळखी माणसाला पकडतात.

आर्थर कॉनन डॉयल यांच्या १८९२ सालच्या ‘सिल्व्हर ब्लेझ’ या कथेची ही सुरुवात. वाचकही त्या माणसाच्याच मागे लागतो. शेरलॉक होम्स मात्र ताटापाशी थांबतो. अफूला चव असते. साध्या जेवणात ती पहिल्याच घासाला कळली असती, मसाल्यात ती दबून गेली. मग त्या रात्री नेमकी करीच करायची, हे ठरवलं कोणी? बाहेरून आलेल्या माणसाच्या हातात ते नव्हतं. एवढ्या विचारासरशी संशय उंबरा ओलांडून घरात येतो.

करीचा उल्लेख डॉयल यांनी कुठेही दडवलेला नाही. पण तो येतो न येतो, तोच खिडकीशी एक संशयित उभा राहतो आणि वाचकाची नजर ताटावरून उठते. रहस्यकथेतला दुवा असा, दुसऱ्या कशाच्या तरी सावलीत ठेवावा लागतो. याच कथेतला तबेल्यातला कुत्राही तसाच. रात्री कोणीतरी येऊन घोडा घेऊन गेलं, तरी तो भुंकला नाही. म्हणजे येणारा ओळखीचा होता. न घडलेल्या गोष्टीचा पुरावा करणं, ही डॉयल यांची कमाल.

हा वाचकाशी खेळलेला डाव आहे आणि तो सचोटीनं खेळायला हवा, हे लेखकांनीच ठरवलं. रोनाल्ड नॉक्स हे कॅथलिक धर्मगुरू स्वतः रहस्यकथा लिहीत. त्यांनी १९२९ मध्ये दहा नियम सांगितले: गुन्हेगार कथेत लवकर दिसला पाहिजे, उकल दैवी शक्तीनं होता कामा नये, कोणालाच ठाऊक नसलेलं विष वापरू नये, गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकालाही दिसला पाहिजे.

विषांच्या बाबतीत अगाथा ख्रिस्ती यांना हातचं काही राखावं लागलं नाही. पहिल्या महायुद्धात त्या टॉर्की गावच्या रुग्णालयात औषधं बनवण्याचं काम करत होत्या. त्यांच्या १९२० सालच्या पहिल्या कादंबरीत खून होतो तो रोजच्या टॉनिकमधून. त्यात दुसरी एक पूड मिसळली की स्ट्रिक्निन हळूहळू बाटलीच्या तळाशी बसतं आणि शेवटचा डोस जीव घेतो. ‘बाटली हलवून घ्या’ ही सूचना घराघरात माहीत असते. ख्रिस्तींनी तिच्यातून खून उभा केला.

दुवे पेरले तरी पान उलटायला लावणारी ओढ वेगळीच असते. दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी ती फ्रेंच दिग्दर्शक त्रुफो यांना समजावून सांगितली होती. टेबलाखालचा बाँब अचानक फुटला तर प्रेक्षक काही सेकंद दचकतो. तोच बाँब त्याला आधी दाखवला, तर टेबलावरच्या साध्या गप्पाही त्याला पंधरा मिनिटं जखडून ठेवतात. ओढ लावायची तर वाचकाला पात्रांपेक्षा थोडं जास्त ठाऊक असावं लागतं.

मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी (१९०६–१९९६) हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, त्या बऱ्याचशा या ओढीच्या बळावर. त्यांचा नायक काळा पहाड नेमका कोण, हे पोलिसांना उमगत नाही. वाचकाला ते माहीत असतं. त्याचा जीव गुंतलेला असतो तो फास आवळत आल्यावर हा निसटणार कसा, यात.

दुव्यांच्या आणि ओढीच्या, दोन्ही प्रकारांत लेखकाला शेवट आधी हाती लागतो. एडगर ॲलन पो यांनी १८४६ मध्येच लिहून ठेवलं होतं की शेवट डोळ्यांपुढे ठेवूनच कथानकाची मांडणी करावी. ‘सिल्व्हर ब्लेझ’ दुसऱ्यांदा वाचताना ही उलटी वीण दिसते. कथेत एका जागी होम्स सहज मेंढ्यांची चौकशी करतो. अलीकडे तीन मेंढ्या लंगडायला लागल्यात, असं तबेल्यातला एक पोरगा सांगतो आणि होम्स खूश होऊन हात चोळतो. वाचकानंही ते ऐकलेलं असतं. पण घोड्याच्या काळजीत त्यानं एव्हाना पान उलटलेलं असतं.