परदेशी रेकॉर्डर आणि दूरचित्रवाणीच्या पद्धती

रेडिओ परदेशातून आणला, तर योग्य तो विद्युत्‌दाब मिळताच तो बहुधा बोलू लागतो. दूरचित्रवाणीशी संबंधित यंत्रांचे मात्र तसे नाही. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेहून व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर घेऊन परतलेल्या भारतीय कुटुंबांना हा अनुभव आला. यंत्र नवे, फीत निर्दोष. तरीही पडद्यावरील चित्र वरखाली सरकत राही किंवा त्यातील रंग नाहीसे होत. यात बिघाड कशाचाच नसे. यंत्र ज्या संकेतांना धरून बनविलेले होते, ते संकेत येथे पाळले जात नव्हते, इतकेच.

पुढे चित्रे अंकांच्या रूपात साठविणारे डिजिटल रेकॉर्डर आले, तेव्हा ही अडचण आपोआप संपेल असे अनेकांना वाटले. ती संपली नाही. तिचे स्वरूप मात्र बदलले. हे कसे घडले ते समजून घेण्यासाठी ऑस्ट्रेलियातील एक उदाहरण उपयोगी पडेल. टिव्हो नावाचा रेकॉर्डर १९९९ साली अमेरिकेत विक्रीस आला. तो कार्यक्रम फितीऐवजी हार्ड डिस्कवर साठवीत असे आणि कार्यक्रमांचे वेळापत्रक स्वतःच वाचून, मालकाने सांगितलेला कार्यक्रम लागताच त्याचे मुद्रण करीत असे. ऑस्ट्रेलियात हे यंत्र अधिकृतपणे २००८ साली आले. परंतु त्याच्या कितीतरी आधी तेथील काही हौशी जाणकारांनी अमेरिकी यंत्रे मागवून ती स्थानिक दूरचित्रवाणीशी जुळवून घेतली होती. ‘सांबा’ या संगणकप्रणालीचे निर्माते अँड्र्यू ट्रिजेल हे त्यांच्यातील एक अग्रणी होते. त्यांच्यापुढे ज्या अडचणी होत्या, त्या आपण एकेक करून पाहू.

पहिली अडचण विजेची. अमेरिकेत घरगुती वीज सुमारे १२० व्होल्ट दाबाची असते. ऑस्ट्रेलियात, आपल्याप्रमाणेच, ती २३० ते २४० व्होल्टची असते. रोहित्र, म्हणजेच ट्रान्सफॉर्मर, लावून हा दाब कमी करता येतो. परंतु अमेरिकेतील विजेची दिशा सेकंदाला ६० आवर्तने करते आणि ऑस्ट्रेलिया व भारत येथील ५०. हा फरक रोहित्राने मिटत नाही. सुदैवाने बहुतेक इलेक्ट्रॉनिक यंत्रे आत आलेल्या विजेचे प्रथम एकदिश प्रवाहात रूपांतर करतात. त्यामुळे त्यांना या आवर्तनांशी कर्तव्य उरत नाही. विजेच्या आवर्तनांवरच चालणारे अमेरिकी घड्याळ मात्र येथे तासाला दहा मिनिटे मागे पडेल.

हेच ५० आणि ६० हे आकडे चित्राच्या मुळाशीही आहेत. दूरचित्रवाणीचे चित्र आडव्या रेषांनी बनते. त्यातील एकाआड एक रेषा प्रथम आणि उरलेल्या नंतर रेखाटल्या जातात. अशी दोन अर्धी चित्रे मिळून एक पूर्ण चित्र होते. विजेच्या आवर्तनांचा पडद्यावर उपद्रव दिसू नये म्हणून आरंभीच्या अभियंत्यांनी अर्ध्या चित्रांची संख्या त्या आवर्तनांशी जुळती ठेवली. म्हणून अमेरिकेत ५२५ रेषा आणि सेकंदाला सुमारे ६० अर्धी चित्रे असा संकेत ठरला. युरोपातील बहुतेक देशांत तो ६२५ रेषा आणि ५० अर्धी चित्रे असा झाला. ऑस्ट्रेलिया आणि भारत यांनी हा दुसरा संकेत स्वीकारला.

रंगांच्या बाबतीत आणखी फाटे फुटले. अमेरिकेची एन.टी.एस.सी. पद्धत १९५३ साली मान्य झाली. तिच्यात लहरीच्या प्रवासात थोडा दोष शिरला, तरी रंगाची छटा पालटते. चेहरा हिरवट किंवा जांभळट दिसू लागतो. जर्मनीतील टेलिफुंकेन कंपनीचे वाल्टर ब्रुख यांनी यावर तोड काढली. रंगाच्या माहितीचा एक भाग प्रत्येक रेषेआड उलटा पाठविला, तर एका रेषेतील दोष पुढच्या रेषेतील दोषाला छेद देतो. हीच पाल पद्धत. फ्रान्सने सेकाम ही तिसरी पद्धत अवलंबिली. पश्चिम जर्मनी, ब्रिटन व फ्रान्स या तिन्ही देशांत रंगीत प्रक्षेपण १९६७ साली सुरू झाले. ऑस्ट्रेलियात ते १९७५ साली आणि भारतात १९८२ साली आले. दोन्ही देशांनी पाल पद्धतच निवडली. रंगाची माहिती वाहून नेणारी लहर पाल पद्धतीत सामान्यतः ४.४३ मेगॅहर्ट्‌झची, तर अमेरिकी पद्धतीत ३.५८ मेगॅहर्ट्‌झची असते. चुकीच्या जागी शोधणाऱ्या यंत्राला ती सापडत नाही, आणि चित्र कृष्णधवल दिसते.

आता ॲन्टेनाकडे वळू. रेकॉर्डरमधील ट्यूनर हवेतील अनेक लहरींतून हवी ती वाहिनी निवडतो. अमेरिकेत प्रत्येक वाहिनीला ६ मेगॅहर्ट्‌झची जागा दिलेली होती आणि तीत चित्राच्या लहरीपासून ४.५ मेगॅहर्ट्‌झ अंतरावर ध्वनीची लहर असे. ऑस्ट्रेलियात जागा ७ मेगॅहर्ट्‌झची आणि अंतर ५.५ मेगॅहर्ट्‌झचे होते. त्यामुळे अमेरिकी ट्यूनरने कसेबसे चित्र पकडले, तरी आवाज हाती लागत नसे. यावरचा सोपा उपाय म्हणजे त्या ट्यूनरला विश्रांती देणे. स्थानिक बनावटीच्या एखाद्या यंत्राने वाहिनी निवडावी आणि त्याच्याकडून चित्र व ध्वनी वेगळ्या तारांनी रेकॉर्डरला पोहोचवावेत.

चित्र रेकॉर्डरच्या आत शिरले की त्याचे अंकांत रूपांतर होते. येथे मात्र एका जुन्या समंजस निर्णयाचा लाभ मिळाला. १९८२ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर असे ठरले की, पद्धत कोणतीही असो, चित्राची मोजणी सेकंदाला १ कोटी ३५ लक्ष वेळा करावी. त्यामुळे दोन्ही पद्धतींत प्रत्येक रेषेत ७२० दृश्य बिंदू येतात. अमेरिकी पद्धतीत अशा ४८० रेषा सेकंदाला सुमारे ३० वेळा, तर पाल पद्धतीत ५७६ रेषा २५ वेळा साठवाव्या लागतात. दोहोंचा गुणाकार १४,४०० इतकाच येतो. अंकांच्या राशीचा विचार केला, तर दोन्ही पद्धती यंत्राला सारख्याच जड आहेत. म्हणूनच अंकांत रूपांतर करणारी एकच चिप दोन्ही कामे करू शकते. कोणते करायचे, हे तिला आज्ञावलीने सांगावे लागते. ऑस्ट्रेलियातील जाणकारांनी अमेरिकी यंत्राला पाल पद्धत शिकविली ती याच मार्गाने.

एवढे होऊनही शेवटचा अडथळा उरला, आणि तो भौतिकशास्त्राचा नव्हता. टिव्हो आपले वेळापत्रक टेलिफोनच्या तारेवरून कंपनीकडून मागवीत असे. कंपनीपाशी अमेरिकेतील वाहिन्यांची माहिती होती; सिडनीत किंवा मेलबर्नमध्ये काय लागणार, हे तिच्या वेळापत्रकात नव्हते. वेळापत्रकाविना हे यंत्र म्हणजे पंचांगावाचून बसलेला जोशी. तेव्हा स्वयंसेवकांनी स्थानिक कार्यक्रमांची यादी स्वतः तयार केली आणि ती यंत्राला पुरविण्याची सोय उभी केली. टिव्होची मूळ प्रणाली लिनक्स ही होती आणि तिच्या परवान्यानुसार आधारभूत संहिता सर्वांना खुली ठेवणे कंपनीवर बंधनकारक होते; या खुलेपणाचे साहाय्य झाले.

पुढील यंत्रांत कंपनीची स्वाक्षरी नसलेली आज्ञावली नाकारण्याची व्यवस्था आली. संहिता वाचता येते, पण बदललेली संहिता आपल्याच यंत्रावर चालविता येत नाही, अशी स्थिती निर्माण झाली. रिचर्ड स्टॉलमन यांनी या प्रकाराला टिव्होच्याच नावावरून नाव दिले, आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जी.पी.एल. परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याविरुद्ध तरतूद करण्यात आली. ऑस्ट्रेलियातील अधिकृत टिव्हो सेवाही २०१७ साली बंद झाली. यंत्रे घरोघरी शाबूत होती. त्यांना कंपनीचे वेळापत्रक पुरविणारे कोणी उरले नाही.

दरम्यान जुने प्रक्षेपणही मावळले: अमेरिकेत मोठ्या केंद्रांवरून ते २००९ साली, तर ऑस्ट्रेलियात २०१३ साली थांबले. डिजिटल प्रक्षेपणातही जग एक झाले नाही. अमेरिका ए.टी.एस.सी., ऑस्ट्रेलिया व भारत डी.व्ही.बी., तर जपान आय.एस.डी.बी. या कुळातील पद्धती वापरतो. ५० आणि ६० या आकड्यांचे द्वैतही टिकून आहे.

म्हणून परदेशी रेकॉर्डर विकत घेण्यापूर्वी वाचकाने चार प्रश्न विचारावेत. त्याला आपली वीज चालते काय? त्याच्या ट्यूनरला आपले प्रक्षेपण कळते काय? तो ५० आवर्तनांचे चित्र साठवितो आणि दाखवितो काय? आणि त्याला रोज लागणारी माहिती कोण पुरविणार, व ती किती काळ? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे यंत्रावरील पट्टी आणि माहितीपुस्तिका यांत सापडतात. चौथ्याचे उत्तर यंत्राच्या बाहेर असते. आणि तेच न मिळाल्याने धडधाकट यंत्र निकामी होते.