रापलेला उजवा हात

टोलनाक्यांवर रोख पैसे घेतले जात होते, तेव्हा खिडकीतून बाहेर आलेला ट्रकचालकाचा उजवा हात सहज नजरेस पडे. फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला आणि तो हात दिसेनासा झाला. तरीही महामार्गावरच्या एखाद्या ढाब्यावर जेवायला बसलेल्या जुन्या चालकाचे दोन्ही हात शेजारी शेजारी पाहावेत. डाव्या हाताची कातडी त्याच्या वयाला शोभेशी असते. उजवा हात मात्र कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत काळपट, खरबरीत, सुरकुतलेला. एकाच माणसाचे हे दोन हात वेगवेगळ्या वयांचे वाटतात.

उन्हातान्हाने बदललेल्या या रंगाला मराठीत 'रापणे' हे नेमके क्रियापद आहे. शेतकरी रापतो, कोळी रापतो, रस्त्यावर खडी पसरणारी बाई रापते. पण ही माणसे सगळ्या उघड्या अंगाने रापतात. एका बाजूने रापणारा कामकरी म्हणजे वाहनचालक. छपराखाली बसून काम करणाऱ्या माणसाचा एकच हात उन्हाने असा का खावा, आणि तो वाचवायला काय करता येईल, याचा शोध घेण्यासारखा आहे.

पहिले कारण गाडीच्या रचनेत आहे. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, म्हणून चालक उजवीकडे, खिडकीला लागून बसतो. उकाड्यात काच खाली केली की कोपर आपोआप खिडकीच्या कडेवर टेकते. शिवाय वाहतुकीच्या नियमांनीही हा हात बाहेर काढायला शिकवले. १९८९ च्या रस्ता-नियमांत हाताच्या खुणा सांगितल्या होत्या : वेग कमी करायचा असेल तर उजवा हात बाहेर काढून तळवा खाली ठेवून वरखाली हलवायचा; उजवीकडे वळायचे असेल तर तो आडवा सरळ धरायचा. इंडिकेटर बिघडलेल्या जुन्या गाड्यांत हा हात हेच इंडिकेटर होते.

दुसरे कारण सूर्याच्या कोनात आहे. भर दुपारी सूर्य डोक्यावर असताना टप सावली धरते. सकाळी आणि दुपार कलल्यावर तो बाजूने येतो आणि थेट खिडकीतून आत उतरतो. मुंबईहून पुण्याकडे येताना गाडीचे तोंड ढोबळमानाने आग्नेयेला असते, म्हणजे चालकाची खिडकी नैर्ऋत्येकडे. दुपारी तीननंतर निघालेल्या चालकाच्या उजव्या हातावर वाटेत बराच वेळ ऊन राहते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने ते आणखीच आत येते. रोज एकाच वेळी एकाच दिशेने जाणाऱ्या चालकाला असे ऊन वर्षानुवर्षे एकाच जागी लागत राहते.

उन्हातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण इथे महत्त्वाचे. त्यांतले दोन प्रकार जमिनीपर्यंत पोहोचतात. यूव्हीबी किरणांची तरंगलांबी २८० ते ३१५ नॅनोमीटर असते. कातडी लाल होणे, भाजणे हे मुख्यतः त्यांचे काम. ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे यूव्हीए किरण कातडीत अधिक खोलवर जातात. ते भाजत नाहीत, म्हणून जाणवत नाहीत. पण त्वचेचा ताणलेपणा टिकवणाऱ्या तंतूंची झीज करतात आणि रंग गडद करतात. साधी काच यूव्हीबी जवळजवळ पूर्ण अडवते. यूव्हीए मात्र तिच्यातून बऱ्याच प्रमाणात आत येतात. शरीरात ड जीवनसत्त्व तयार व्हायला यूव्हीबी लागतात. म्हणजे बंद काचेआड बसलेल्या चालकाला उन्हाचा लाभ मिळत नाही, हानी मात्र होते.

याचा सर्वांत बोलका पुरावा अमेरिकेतला आहे. २०१२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये शिकागोच्या त्वचारोगतज्ज्ञांनी ६९ वर्षांच्या एका माणसाचे छायाचित्र छापले. त्याने २८ वर्षे माल पोहोचवणारा ट्रक चालवला होता. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो. या माणसाच्या चेहऱ्याची डावी बाजू जाड, खोल सुरकुत्यांची झाली होती. उजवी त्या मानाने कितीतरी तरुण होती. त्याआधी २०१० मध्ये सेंट लुई विद्यापीठातल्या संशोधकांना तिथल्या रुग्णांत त्वचेचे कर्करोग डाव्या बाजूला अधिक आढळले होते. ऑस्ट्रेलियात आपल्याप्रमाणेच चालक उजवीकडे बसतो, आणि तिथे उन्हाने उठणारे खरखरीत चट्टे उजव्या बाजूला अधिक असल्याचे १९८६ मध्येच नोंदले गेले. देश बदलला, बैठक बदलली, तशी बाजूही बदलली.

हे पुरावे गोऱ्या कातडीचे आहेत, हे विसरता कामा नये. आपल्या त्वचेतले मेलॅनिन मोठे संरक्षण देते आणि त्वचेचा कर्करोग आपल्याकडे तुलनेने विरळा आहे. तेव्हा घाबरवण्याचे कारण नाही. पण 'आपली कातडी काळी, आपल्याला काय होते' हेही खरे नाही. काळवंडणे, अकाली सुरकुत्या, न जाणारे डाग सावळ्या त्वचेवरही होतात. उन्हाच्या ॲलर्जीने हातावर आणि मानेवर बारीक खाजरी पुरळ उठते. डॉक्टर तिला पॉलिमॉर्फस लाइट इरप्शन म्हणतात. काही नेहमीची औषधेही त्वचा उन्हाला हळवी करतात : डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक, किंवा रक्तदाबावर दिले जाणारे हायड्रोक्लोरोथायझाइड. औषध आपल्या मनाने बंद करू नये. आपण दिवसभर गाडी चालवतो, एवढे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आता काचेकडे वळू. समोरची काच दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर दाबून केलेली असते. फुटली तरी ती विखरू नये, हा त्या थराचा हेतू. जाता जाता तो यूव्हीएही अडवतो. बाजूची काच बहुधा तापवून कडक केलेली एकेरी काच असते. कॅलिफोर्नियातल्या एका नेत्रतज्ज्ञाने १५ कंपन्यांच्या २९ मोटारी तपासून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. समोरच्या काचा सरासरी ९६ टक्के यूव्हीए अडवत होत्या, बाजूच्या ७१ टक्के. त्यातही एखाद्या गाडीची बाजूची काच फक्त ४४ टक्के अडवे, तर एखादीची ९६ टक्के. काचेच्या रंगावरून किंवा गाडीच्या किमतीवरून याचा भरवशाचा अंदाज येत नाही.

आपला कायदा मात्र दिसणारा प्रकाश मोजतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १०० व्या नियमानुसार पुढच्या-मागच्या काचांतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश आत आला पाहिजे. काळ्या काचांआड होणारे गुन्हे लक्षात घेऊन सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये काचेवर कोणतीही फिल्म लावायला मनाई केली. पुढे नियमाची शब्दरचना बदलली आणि प्रमाण पाळणाऱ्या फिल्मला हरकत नाही, असे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये म्हटले. गुन्ह्यांची काळजी रास्तच आहे. पण दिसणारा प्रकाश आणि अतिनील किरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जवळजवळ पारदर्शक फिल्मही अतिनील किरण अडवू शकते, आणि स्वस्त काळी फिल्म नुसताच अंधार करून ते आत सोडू शकते. म्हणून फिल्म लावायचीच असेल, तर आधी आरटीओत विचारावे आणि विकणाऱ्याकडे काळेपणाऐवजी यूव्हीएचा आकडा मागावा.

नव्या मालट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन बंधनकारक करणारी अधिसूचना केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये काढली. चालकांसाठी ही मोठीच सोय आहे. तिच्याबरोबर एक सावधगिरीही हवी. काच बंद झाली की यूव्हीबी थांबतात आणि गार हवेत चटकाही जाणवत नाही. यूव्हीए मात्र येतच राहतात. हात मागे घ्यायला सांगणारी जुनी खूणच नाहीशी होते.

उरतो तो कापडाचा उपाय. घट्ट विणीचे, गडद रंगाचे, कोरडे कापड चांगले संरक्षण देते. पातळ पांढरा सुती शर्ट त्या मानाने कमी देतो, आणि घामाने भिजला की आणखी कमी. बाजारात मिळणाऱ्या सुट्या बाह्या सोयीच्या आहेत, पण फार ताणून बसणारी बाही टाळावी. ताणल्याने विणीतली छिद्रे मोकळी होतात. लेबलवर 'यूपीएफ ५०' असेल, तर त्या कापडातून अतिनील किरणांचा साधारण पन्नासावा भागच आत जातो. बाहीने हाताची पाठ झाकावी, तळवा मोकळा ठेवावा, म्हणजे स्टिअरिंगवरची पकड सुटत नाही. काचेच्या फटीत टॉवेल अडकवायची जुनी युक्ती धोक्याची, कारण उजवा आरसा झाकला जातो. सनस्क्रीन उपयोगी आहे. त्यावरचा एसपीएफ मुख्यतः यूव्हीबीचा आकडा असतो, म्हणून यूव्हीएसाठी 'पीए'पुढची अधिक चिन्हे पाहावीत. मात्र घामाने ते निघते आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते. लांब पल्ल्याच्या चालकाला हे जमणे अवघड. बाही एकदा चढवली की दिवसभर राहते.

मग ती वापरात का नाही? पुण्याच्या रस्त्यांवर स्कार्फ, सनकोट आणि लांब हातमोजे घालून दुचाकी चालवणाऱ्या मुलींची आपण पुष्कळ थट्टा केली. त्यांचे झाकून घेणे आपल्याला नट्टापट्टा वाटले. चालक पुरुषाने तेच केले तर ते बायकी ठरेल, ही भीती त्याच थट्टेतून आली आहे. उन्हापासून हात वाचवणे हा रूपाचा प्रश्न आहे असे एकदा ठरवले, की तो कामाचा प्रश्न उरत नाही. जर्मनीने २०१५ पासून उन्हात काम केल्याने होणाऱ्या त्वचेच्या काही कर्करोगांना व्यावसायिक आजारांच्या यादीत घेतले. तिथे ऊन हा कामाच्या जागेचा धोका मानला जातो, यंत्राच्या उघड्या पट्ट्यासारखा.

आपल्याकडच्या वाहतूकदार मालकाला गाडीचे टायर, ऑइल, विमा यांचा हिशेब तोंडपाठ असतो. चालकाला वर्षाला बाह्यांचे दोन जोड आणि पूर्ण बाह्यांचा सैल सदरा देणे त्या हिशेबात सहज बसेल. आपल्या घरची गाडी चालवणाऱ्या माणसालाही ते देता येईल; दिवाळीच्या पोस्ताबरोबर दिले तर आणखी बरे. तीस वर्षांनी स्टिअरिंग सोडताना त्याचे दोन्ही हात एकाच वयाचे असावेत, एवढीच अपेक्षा आहे.