स्वप्नांतील जागेपणाची संवय

शालान्त परीक्षा देऊन चाळीस वर्षें लोटलेल्या गृहस्थाला रात्रीं स्वप्न पडतें. गणिताची प्रश्नपत्रिका समोर आहे, शेवटची घंटा व्हायला आली आहे आणि लेखणींत शाई नाहीं. नोकरींतून निवृत्त झालेला हा माणूस शाळेच्या बांकावर कां बसला आहे, हा प्रश्न त्याला सुचतच नाहीं. जागा झाल्यावर तो हंसतो. पण स्वप्न चालूं असेपर्यंत त्याची भीति सोळा आणे खरी असते. झोपेंत कल्पना भरारी मारते, परीक्षक बुद्धि मात्र निजलेली असते.

तथापि केव्हां केव्हां तीहि जागी होते. "अरे, हें तर स्वप्न!" असें झोपलेल्याला कळतें आणि तरीहि स्वप्न मोडत नाहीं. अशा स्वप्नास सजग स्वप्न म्हणतां येईल. फ्रेडरिक व्हान ईडन या डच वैद्य-साहित्यिकानें १९१३ सालीं आपल्या निबंधांत त्याला याच अर्थाचें नांव दिलें. शास्त्रज्ञांना मात्र ही गोष्ट वदतोव्याघातासारखी वाटे. १९७५ सालीं इंग्लंडमधील हल विद्यापीठांत कीथ हर्न यांनीं तिची कसोटी घेतली. ज्या झोपेंत ठळक स्वप्नें पडतात, तींत हातपाय लुळे पडलेले असतात, पण डोळे हलत असतात. म्हणून स्वप्नांत भान येतांच डोळे ठरलेल्या रीतीनें डावीउजवीकडे फिरवावे, असा संकेत ठरला. आणि झोपलेल्या माणसाचा तो संकेत यंत्राच्या कागदावर उमटला. पुढें अमेरिकेंत स्टॅनफर्ड विद्यापीठांत स्टीफन लाबर्ज यांनींहि स्वतंत्रपणें तेंच सिद्ध केलें.

हें भान दैवावर न सोडतां मुद्दाम आणतां येईल काय? दिवसाच्या संवयी स्वप्नांत उतरतात, या अनुभवावर जर्मन मानसशास्त्रज्ञ पाउल टोलाय यांनीं आपली रीत उभारली. दिवसांतून अनेक वेळां "आपण आतां जागे आहों कीं स्वप्नांत?" असें स्वतःला विचारावें, विशेषतः कांहीं अनपेक्षित घडलें, किंवा कोणी पुष्कळ दिवसांनीं अवचित भेटलें म्हणजे. उत्तर लगेच देऊं नये. येथें कसे आलों, घटकेपूर्वीं कोठें होतों, हें आठवून पाहावें. कारण स्वप्नांतल्या माणसाला जिना चढल्याचें स्मरत नाहीं, तो एकदम माडीवर असतो. दुकानाची पाटी वाचून नजर वळवावी व ती पुन्हा वाचावी. स्वप्नांत अक्षरें पुष्कळदां बदललेलीं दिसतात. नाक चिमटींत धरून श्वास घेऊन पाहावा. स्वप्नांत नाक धरलें तरी श्वास चालूंच राहातो, कारण अंथरुणावरचें खरें नाक मोकळें असतें!

मात्र मनांत भाजीचा हिशेब चालला असतां जपमाळेप्रमाणें प्रश्न पुटपुटला, तर स्वप्नांतहि तो तसाच पुटपुटला जाईल आणि "जागाच आहें" असें उत्तर देऊन माणूस पुढें चालूं लागेल. शंका खरी असली पाहिजे. तिबेटी बौद्धांच्या स्वप्नयोगाचें ध्येय अगदीं निराळें. पण तेथेंहि दिवसभर दिसेल तें स्वप्नवत् मानण्याची साधना सांगितलेली आहे.

केवळ दिवसाच्या प्रश्नानें काम भागत नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. ऑस्ट्रेलियांतील अ‍ॅडलेड विद्यापीठाचे डेनहोम अ‍ॅस्पी यांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत नुसत्या प्रश्नाचा आठवड्याभरांत विशेष गुण आला नाहीं. त्याच्या जोडीला पांच तास झोपून उठल्यावर, नुकतेंच पडलेलें स्वप्न आठवून, पुढचें स्वप्न ओळखण्याचा संकल्प करीत पुन्हा निजणाऱ्यांना मात्र शंभर प्रयत्नांमागें सुमारें १७ वेळां यश आलें. पहांटेच्या झोपेंत स्वप्नांचा काळ लांबतो, म्हणून ही वेळ. उशाशीं वही ठेवून उठल्याबरोबर स्वप्न टिपणेंहि उपयोगाचें; जें सकाळीं आठवतच नाहीं, त्यांत भान आलें काय आणि न आलें काय!

हा सारा खटाटोप कशाला, असें कोणी विचारील. आकाशांत उडण्याची मौज हें एक उत्तर झालें. पण ज्याला वारंवार तोच पाठलाग, तोच पूर किंवा तोच अपघात पाहून दचकून उठावें लागतें, आणि त्या धास्तीनें जो अंथरुणाला पाठच टेकीत नाहीं, त्याच्यापुढें प्रश्न मौजेचा नसतो. पाठलाग करणाऱ्याकडे वळून "तूं कोण?" असें विचारण्याचें धैर्य स्वप्न ओळखल्यावरच येतें. हॉलंडमध्यें झालेल्या व २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका लहान प्रयोगांत हें शिक्षण घेतलेल्यांचीं दुःस्वप्नें कमी झालीं. विशेष असें कीं, तेवढ्यासाठीं स्वप्नांत प्रत्यक्ष भान यावेंच लागलें असें नाहीं.

मानसिक आजारामुळें ज्याचा खऱ्याखोट्याचा विवेक ढळला आहे त्यानें या वाटेस जाऊं नये. परीक्षेच्या दिवसांत मुलांनींहि झोपमोड करून हा उद्योग करूं नये. प्रथम भान आलें म्हणजे आनंदाच्या भरांत जाग येते, अशी पुष्कळांची तक्रार असते. अशा वेळीं स्वप्नांतलेच तळहात एकमेकांवर चोळावेत व पायांखालच्या भुईकडे पाहावें, असें अनुभवी लोक सांगतात. स्वप्न आणखी कांहीं क्षण टिकतें.